फीड पंप इंजिनावरून चेसिसवर : फोंड्यात करून घेतलेल्या कामाचे परीक्षण

टाटा १६१३ या सहाचाकी ट्रकच्या इंजिन ब्लॉकवरचा फीड पंप (टाकीतील डिझेल ओढून इंजिनाकडे पोहोचवणारा पंप) काढून त्याच्या जागी विजेवर चालणारा, अधिक क्षमतेचा पंप टाकीजवळ चेसिसवर बसवण्याचे काम मी फोंडा तालुक्यातील एका पंप-नोझल कार्यशाळेकडून करून घेतले. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा उलटला असल्यामुळे आता त्याबद्दल लिहिण्यास हरकत नाही. कार्यशाळेचे नाव देत नाही. असे काम अंगावर घेणाऱ्या कार्यशाळा गोव्यात मोजक्याच आहेत, आणि खाली लिहिलेल्या उणिवा एका माणसाच्या नावाला कायमच्या चिकटाव्यात अशी माझी इच्छा नाही. एवढे मात्र आधीच सांगतो, की काम समाधानकारक झाले आहे, परंतु ज्यासाठी मी पैसे मोजले त्यातील सर्वांत मोलाची वस्तू नवा पंप ही नव्हे. पंप उतरवण्यापूर्वी लावलेला एक साधा व्हॅक्यूम गेज (नळीतील ओढ किती तीव्र आहे ते दाखवणारे मापक) आणि पंपासाठी निवडलेली जागा, या दोन गोष्टींनी गाडी सुधारली. पंपाच्या वाढीव क्षमतेचा वाटा त्यात बराच कमी आहे.

गाडीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. इंजिन टाटा-कमिन्सचे, ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरचे आणि पूर्णपणे यांत्रिक आहे. कोठेही संगणक नाही, कॉमन रेल (सर्व सिलिंडरांना एकाच उच्चदाब नळीतून संगणकाच्या नियंत्रणाखाली डिझेल देणारी पद्धत) नाही. डिचोली-साखळी पट्ट्यात खनिज वाहणाऱ्या गाड्यांपैकी ही एक. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा बंद पडल्या. त्या काळात या भागातील कितीतरी गाड्यांप्रमाणे हीदेखील अंगणात उभी राहिली. पुढे टिपरचा हौदा उतरवून, परिवहन कार्यालयात रीतसर नोंद बदलून तिच्यावर साधी बॉडी चढवली आणि झुआरीनगरहून खत भरून बेळगावकडे जाणे व परतताना मिळेल तो माल आणणे असे काम सुरू केले. म्हणजे चढ नेमका भरलेल्या गाडीने चढायचा, तोही गोवा-कर्नाटक सीमेवरच्या अनमोड घाटाचा.

त्रास तेथेच दिसू लागला. मोले मागे पडून घाट लागला की दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये गाडी अचानक पिकअप सोडायची, क्षणभर मिसिंग करायची आणि चालकाने पाय सैल केला की पुन्हा पूर्ववत व्हायची. टाकीतील डिझेल पावाच्या खाली गेलेले असेल तर हे अधिक. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल चढवण्याचा छोटा पंप) मारून नळीतील एअर काढल्याशिवाय सुरू होत नसे. याच्या जोडीला आणखी एक लक्षण होते, ज्याचा संबंध कोणी लावत नव्हता: डिपस्टिकवर इंजिन ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी हळूहळू वाढत होती आणि ऑइलला डिझेलचा वास येत होता. फोंड्याच्या कार्यशाळेत जाण्यापूर्वी दुसऱ्या एका गॅरेजने फिल्टर बदलले, नंतर नोझल सेट केले आणि त्यानेही फरक पडेना तेव्हा मुख्य इंजेक्शन पंप (नोझलमधून सिलिंडरमध्ये डिझेल फवारण्यासाठी उच्च दाब देणारा पंप) उतरवून कॅलिब्रेशनला पाठवण्याचा सल्ला दिला. तो सल्ला मानला असता तर मोठे बिल भरून गाडी होती तशीच घाटात थांबली असती.

फोंड्याच्या मेस्त्रींनी प्रथम कशालाही पाना लावला नाही. त्यांनी फीड पंपाच्या आधी, ओढीच्या बाजूला, व्हॅक्यूम गेज जोडला, फिल्टरच्या पुढे दाबाचा गेज जोडला आणि मध्ये वीतभर पारदर्शक नळी टाकली. टाकीवरून इंजिन चालवून रेस दिली तेव्हा व्हॅक्यूमचा काटा आठ इंच पाऱ्याच्या आसपास जाऊ लागला आणि पारदर्शक नळीत बारीक बुडबुड्यांची माळ दिसली. मग त्यांनी टाकीची नळी सोडवून ओढीचे टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये घातले. तीच रेस, तोच पंप, परंतु काटा दोनच्याही खाली आणि बुडबुडे जवळजवळ बंद. इंजिन, इंजेक्शन पंप आणि नोझल यांना एकही स्क्रू न फिरवता निर्दोष ठरवणारी ही तपासणी होती, आणि तिला लागलेला वेळ चहा येऊन संपण्याइतकाच होता. डिझेल गाडी चढावर दम टाकते अशी तक्रार घेऊन जो कोणी कार्यशाळेत जाईल त्याने कॅनवर गाडी चालवून पाहण्याचा आग्रह सर्वांत आधी धरावा, कारण दोष टाकीच्या बाजूला आहे की इंजिनाच्या, याचा निवाडा त्यातच होतो.

टाकी उतरवल्यावर कारण समोर आले. ओढीच्या नळीच्या टोकाची जाळी गंजाच्या भुकटीने आणि काळ्या बुळबुळीत थराने अर्ध्याहून अधिक बुजलेली होती. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. त्या हवेत अर्धवट भरलेली टाकी उभी ठेवली की रिकाम्या भागातील ओलावा थंड पत्र्यावर थेंबांच्या रूपाने साचतो, पाणी डिझेलहून जड असल्याने तळाशी बसते, पत्रा गंजतो आणि पाणी व डिझेल जेथे भेटतात त्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून हा काळा थर तयार होतो. खाणबंदीच्या काळात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या टाक्या उघडल्या तर हेच चित्र अनेक ठिकाणी दिसेल. शिवाय ओढीची नळी टाकीच्या पुढच्या बाजूला आहे, त्यामुळे चढावर डिझेल मागे सरकले आणि पातळी कमी असली की ती नळी उघडी पडते. टाकी धुऊन, नवी जाळी घालून गाडी पुन्हा टाकीवर चालवली तेव्हा व्हॅक्यूम निम्म्याने उतरला. म्हणजे नवा पंप खोक्यातून बाहेर येण्यापूर्वीच अर्धा आजार गेलेला होता. मेस्त्रींनी हे मला दाखवून, “आता पंप बदलायचा की नाही ते तुम्ही ठरवा,” असे स्पष्ट विचारले. विक्रीची संधी समोर असताना असे विचारणारा कारागीर भेटणे सोपे नाही, आणि या परीक्षणातील माझा सर्वांत मोठा अनुकूल शेरा त्यासाठी आहे.

पंप तरीही बदलावा लागणारच होता, कारण ऑइलमधील डिझेल. या इंजिनाचा मूळ फीड पंप रबरी पडद्याचा आहे; गॅरेजमध्ये त्याला एसी पंप म्हणतात. तो ब्लॉकला बसतो, त्याचा दांडा इंजिनाच्या कॅमशाफ्टवर टेकतो आणि पडदा वर-खाली होऊन डिझेल ओढतो. पडद्याच्या एका बाजूला डिझेल आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाचे पोट अशी रचना असल्यामुळे पडद्याला चीर गेली की डिझेल थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंगवरचा तेलाचा थर टिकत नाही. ही गळती बाहेरून दिसत नाही, जमिनीवर डाग पडत नाही. डिपस्टिक वाचणाऱ्यालाच ती कळते. येथे दोन मार्ग होते. तसाच नवा यांत्रिक पंप घ्यायचा, जो स्वस्त आहे आणि कोणत्याही गॅरेजमध्ये थोड्या वेळात बसतो. किंवा तो छिद्रासह कायमचा बंद करून विजेचा पंप टाकीजवळ न्यायचा. मी दुसरा मार्ग निवडला, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासाठी डिझेलच्या प्रवासाकडे पाहावे लागते.

टाकी चेसिसच्या बाजूला, इंजिन पुढे, आणि फीड पंप इंजिनावर. त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा लांब मार्ग ओढीचा, म्हणजे वातावरणापेक्षा कमी दाबाचा असतो. अशा मार्गावर एखादा कॉपर वॉशर सैल असेल किंवा रबरी नळीला केसाएवढी भेग असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. फट गेलेल्या नळीने शहाळे प्यायला गेले की पाण्याआधी हवा तोंडात येते, तसाच हा प्रकार. त्यात भर म्हणजे डिझेलमध्ये थोडी हवा मुळातच विरघळलेली असते आणि ओढ जितकी तीव्र तितकी ती बुडबुड्यांच्या रूपाने सुटी होते. पंप टाकीजवळ, टाकीतील डिझेलच्या पातळीच्या खाली आणला की ओढीचा मार्ग हात-दीड हाताचा उरतो आणि पुढचा सगळा मार्ग दाबाखाली येतो. दाबाखालच्या मार्गाला भेग गेली तर डिझेल बाहेर येते, डाग दिसतो आणि दोष सापडतो. विजेच्या बहुतेक पंपांना ढकलणे चांगले जमते आणि लांबून ओढणे जमत नाही, म्हणून विजेचा पंप घेऊन तो इंजिनाजवळच बसवणे म्हणजे पैसे देऊन जुनाच त्रास विकत घेणे होय. इंजिनाची उष्णता आणि थरथर हेही तेथे त्याच्या वाट्याला येतात.

हा धडा अमेरिकेतील वाहनधारकांनी फार महाग किमतीला शिकला आहे. तेथील डॉज रॅम पिकअपमध्ये याच कमिन्स घराण्याचे ५.९ लिटरचे इंजिन असे. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या चोवीस व्हॉल्व्हच्या गाड्यांना बॉशचा व्हीपी४४ हा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा रोटरी इंजेक्शन पंप होता आणि त्याला डिझेल पुरवणारा विजेचा छोटा पंप इंजिन ब्लॉकवरच बसवलेला होता. व्हीपी४४ ला वंगण आणि थंडावा दोन्ही वाहत्या डिझेलपासूनच मिळतात. पुरवठ्याचा दाब पडला की चालकाला काही कळण्याआधी महागडा पंप निकामी होऊ लागे. लोकांनी मग पुरवठ्याचा पंप चेसिसवर टाकीजवळ हलवला, लहान छिद्राचे बंजो बोल्ट (ज्यांच्या आतून डिझेल वाहते असे पोकळ जोडणी-बोल्ट) बदलले, नळ्या मोठ्या केल्या आणि केबिनमध्ये दाबाचा गेज बसवला. फास आणि एअरडॉग या नावांनी मिळणारे, डिझेलमधील हवा वेगळी काढणारे चेसिसवरचे पंप याच गरजेतून लोकप्रिय झाले. पुढे २००५ च्या सुमारास कंपनीने पुरवठ्याचा पंप टाकीतच नेला.

मात्र ती कथा आपल्या गाडीला जशीच्या तशी लावू नये. माझ्या इंजिनाचा इनलाइन इंजेक्शन पंप (प्रत्येक सिलिंडरसाठी डिझेल दाबणारा वेगळा दट्ट्या, म्हणजे प्लंजर, एका रांगेत असलेला) त्या रोटरी पंपाइतका नाजूक नाही. त्याच्या कॅमबॉक्सला इंजिन ऑइलचे वंगण मिळते, डिझेलवर अवलंबून असतात ते प्लंजर आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह. पुरवठा कमी पडला तर तो लगेच मरत नाही, गाडी फक्त ओढ सोडते. म्हणून ज्यांना कोणी ‘हा पंप लावला नाही तर तुमचा इंजेक्शन पंप जाईल’ अशी भीती घालत असेल त्यांनी ती यांत्रिक इनलाइन पंपाच्या बाबतीत फारशी मनावर घेऊ नये.

क्षमतेच्या बाबतीतही हेच. अमेरिकी संचांवर ताशी ९५ किंवा १५० गॅलन असे आकडे असतात. ९५ गॅलन म्हणजे सुमारे ३६० लिटर. सुमारे १३० अश्वशक्तीचे माझे इंजिन पूर्ण शक्तीने सलग तासभर चालले तरी २५ लिटरांच्या आसपास डिझेल जाळेल. परतीच्या नळीने टाकीकडे जाणारे डिझेल धरले तरी ताशी १०० लिटरांच्या पंपात सगळे भागते आणि थोडी शिल्लक ठेवायची म्हणून मी १५० लिटरांचा, २४ व्होल्टचा, आत दाबनियंत्रक झडप असलेला पंप घेतला. काउंटरवर मला याच्या दुप्पट क्षमतेचा पंप दाखवला गेला होता. मोठा पंप अधिक डिझेल गोल फिरवतो, टाकीतील डिझेल विनाकारण तापवतो आणि परतीची नळी अरुंद असेल तर इंजेक्शन पंपाच्या गॅलरीतला (आत डिझेल भरून राहते त्या पोकळीतला) दाब वाढवून ठेवतो. या इंजिनाला त्यातून काहीही मिळत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते नळीवर करावेत. मूळ नळीचा आतील व्यास ८ मिलिमीटर होता, तो टाकीपासून फिल्टरपर्यंत १२ करून घेतला. एवढ्या मंद गतीने वाहणाऱ्या डिझेलला नळीत होणारा अडथळा व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. व्यास दीडपट केला की त्याच प्रवाहाला लागणारा दाब जवळजवळ पाचव्या भागावर येतो. पंपाची क्षमता दुप्पट करूनही अरुंद नळीत हा परिणाम साधत नाही. जोडणीच्या बंजो बोल्टांची छिद्रे बारीक ठेवली तर मात्र मोठ्या नळीचा फायदा तेथेच अडतो, आणि मेस्त्रींनी ते आपणहून तपासले.

बसवण्याच्या दिवशी एक प्रसंग घडला तो सांगण्यासारखा आहे. तेथील तरुण मदतनीस मला म्हणाला, “शेठ, जुना पंप असू दे की तिथेच. मागून नवा जोडतो. एक बंद पडला तर दुसरा चालेल.” ऐकायला हे शहाणपणाचे वाटते आणि धडधाकट यांत्रिक पंपाच्या बाबतीत काही लोक तसे करतातही. मेस्त्री गाडीखालूनच त्याला म्हणाले, “अरे, पडदा फाटलाय त्याचा. मागून दाब दिलास तर डिझेल फिल्टरला जाणार की चेंबरमध्ये?” जुना पंप काढला गेला, त्याच्या जागी गॅस्केट घालून जाड पत्र्याची पट्टी आवळली गेली आणि पातळ झालेले ऑइल फिल्टरसह बदलले गेले. ज्यांच्या डिपस्टिकची पातळी वाढते आहे त्यांनी हा मुद्दा विसरू नये: फाटक्या पडद्याला विजेच्या पंपाचा दाब मिळाला तर चेंबर डिझेलने भरत जाते, आणि पातळी फार वाढली की इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून बेफाम पळण्याचा धोका असतो.

जागेची निवड उत्तम होती. चेसिसच्या चॅनेलच्या आतल्या बाजूला, टाकीच्या तळाच्या किंचित खाली, मागच्या चाकांच्या पुढे आणि सायलेन्सरच्या विरुद्ध अंगाला पंप बसला आहे. त्याच्या आधी पारदर्शक वाडग्याचा पाणी वेगळे करणारा जाड जाळीचा फिल्टर आहे, जो खाली वाकून पाहता येतो, आणि बारीक फिल्टर मूळ जागी, दाबाच्या बाजूला, तसाच ठेवला आहे. हा क्रम महत्त्वाचा. बारीक फिल्टर पंपाच्या आधी आणला तर कमी केलेली ओढ पुन्हा वाढते. पंप रबरी बुशांवर टांगल्यामुळे त्याची गुणगुण केबिनमध्ये अगदीच कमी येते; किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, ती ऐकू येते आणि पंप जिवंत असल्याची खातरजमा म्हणून चालकाला ती आता हवीशी वाटते. ओढीची नळीही टाकीच्या पुढच्या बाजूऐवजी मध्यावर आणली, त्यामुळे चढ आणि उतार दोन्हीकडे ती बुडलेली राहते. परतीची नळी मुद्दाम तिच्यापासून दूर सोडली आहे, नाहीतर परत आलेले फेसाळ डिझेल तीच नळी पुन्हा उचलते.

आता उणिवा. पहिली आणि गंभीर उणीव विजेच्या जोडणीत होती. पंपाची तार सरळ किल्लीवरून घेतली होती. रिले (विजेने चालणारा स्विच) होता, फ्यूज होता, परंतु इंजिन बंद पडल्यावर पंप थांबवणारी कोणतीही व्यवस्था नव्हती. यांत्रिक पंप इंजिनाबरोबर आपोआप थांबतो. विजेचा पंप किल्ली चालू असेपर्यंत डिझेल ढकलत राहतो, आणि अपघातात नळी तुटली व चालक किल्ली फिरवण्याच्या स्थितीत नसला तर तो डिझेल थेट तापलेल्या इंजिनावर ओतू शकतो. ऑइल प्रेशर स्विचमधून रिले नेणे हा यावरचा जुना आणि स्वस्त उपाय आहे: इंजिन फिरत असेल तरच पंप चालतो, आणि सुरू करताना स्टार्टरच्या तारेवरून त्याला तात्पुरती वीज मिळते. किल्ली फिरवल्यावरची काही क्षणांची गुणगुण हवी असेल तर त्यासाठी वेगळा टायमर रिले लागतो, तोही मी बसवून घेतला. मी सांगितल्यावर हे सर्व करून दिले, तक्रार न करता करून दिले, परंतु ते ग्राहकाने मागण्याची गोष्ट नव्हे. असे काम करणाऱ्या प्रत्येक कार्यशाळेने ही जोडणी मूळ किमतीतच धरली पाहिजे.

दुसरी उणीव पावसाने दाखवली. पंपाला चिखलापासून वाचवणारा पत्रा लावला नव्हता. जागा चाकांच्या पुढे असली तरी पुढच्या चाकांचा चिखल तेथपर्यंत येतो, आणि जुलै महिन्यात धारबांदोड्याच्या बाजूला रस्त्यावर जे लाल पाणी वाहते त्यात खनिजाची बारीक भुकटी असते. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढला आणि पंपाकडे जाणारा व्होल्टेज उतरू लागला. अर्थिंगची, म्हणजे विजेच्या परतीची, तारही रंगाच्या थरावरूनच चेसिसला आवळली होती. आता सीलबंद कनेक्टर आहे, अर्थिंगची तार थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेली आहे आणि पंपापुढे रबरी पट्टी लावलेला पत्रा आहे. मुरगाव बंदराच्या परिसरात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना खारी हवाही सोसावी लागते, त्यामुळे किनाऱ्याजवळच्या मालकांनी हे पहिल्याच दिवशी करून घ्यावे.

बिलाबद्दल एवढेच, की ते एका ओळीत लिहिलेले होते. विचारल्यावर तोंडी फोड मिळाली. एकूण रक्कम पाच आकडी, त्यात पंपाचा वाटा निम्म्याहून कमी. उरलेले नळ्या, जोडण्या, टाकीची धुलाई आणि मजुरी. पंपाचा भाग क्रमांक कागदावर लिहून घेण्यासाठी मला दोनदा आठवण करावी लागली आणि हमीही तोंडीच होती. दूरच्या गावी पंप बंद पडला तर तो क्रमांकच उपयोगी येणार, हे पंपाचे काम करणाऱ्यांना सांगावे लागू नये.

परिणाम काय झाला? फिल्टरच्या पुढचा दाब पूर्वी गाडी जागेवर उभी असताना ०.३ बारच्या आसपास असे आणि भरलेल्या गाडीने घाट चढताना काटा जवळजवळ शून्यावर टेके. आता तो जागेवर ०.७ आणि घाटात ०.६ च्या खाली येत नाही. मिसिंग गेले, सकाळी प्रायमर मारावा लागत नाही, ऑइलची पातळी स्थिर आहे. गाडीची शक्ती मात्र वाढलेली नाही आणि वाढण्याचे कारणही नाही, कारण सिलिंडरमध्ये किती डिझेल जाईल हे इंजेक्शन पंपाचा रॅक (डिझेलचे माप कमी-जास्त करणारी पट्टी) आणि गव्हर्नर (वेगाचा नियंत्रक) ठरवतात. फीड पंप फक्त त्यांच्या दारापर्यंत माल पोहोचवतो. मायलेजमध्येही मला मोजण्याजोगा फरक आढळला नाही. विजेचा पंप लावल्याने ॲव्हरेज वाढते असे कोणी सांगत असेल तर पूर्वी गाडीच्या ओढीत दोष होता की नाही, हे त्याला आधी विचारावे.

हे काम कोणी करावे, याविषयी माझे मत थोडे कठोर आहे. ज्यांची जुनी यांत्रिक गाडी फोंडा-मडगाव-पणजी अशा सपाट फेऱ्या करते, चिरे किंवा खडी वाहते आणि घाट चढत नाही, त्यांनी टाकी धुवावी, ओढीच्या नळ्या व वॉशर बदलावेत आणि नवा यांत्रिक पंप बसवून मोकळे व्हावे. विजेच्या पंपाची त्यांना गरज नाही. घाटाचे नियमित काम असेल आणि जुना पंप बदलण्याची वेळ आलीच असेल, तर हा खर्च सार्थ आहे. कॉमन रेलच्या गाड्यांना, विशेषतः १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना, हात लावू नये. त्यांच्या उच्चदाब पंपाला पुरवठ्याचा दाब ठरावीक मर्यादेतच लागतो, अनेकांत पुरवठ्याचा गियर पंप त्यातच असतो, दाब बदलला तर संगणक दोष नोंदवतो आणि कंपनीची हमी संपते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत होतील असा फेरफार करता येत नाही. नोंदणीपुस्तिकेत फीड पंपाचा रकाना नसतो हे खरे, परंतु प्रदूषणनियंत्रणाशी जोडलेल्या इंधनव्यवस्थेत फेरफार करून विम्याच्या दाव्याच्या वेळी वाद ओढवून घेण्यात काही अर्थ नाही.

एक गोष्ट मी नंतर करून घेतली आणि ती कार्यशाळेने स्वतःच सुचवली. विजेचा पंप बंद पडला तर बहुतेक पंपांमधून डिझेल सहज ओढले जात नाही, म्हणजे गाडी जागच्या जागी उभी राहते. म्हणून पंपाला समांतर, एकाच दिशेने उघडणारी झडप असलेली नळी टाकली आहे आणि फिल्टरवरचा हँड प्रायमर काढलेला नाही. परीक्षा म्हणून पंपाचा फ्यूज काढून रिकामी गाडी सपाटीवर चालवून पाहिली. इनलाइन पंप स्वतः फार ओढू शकत नाही, त्यामुळे मध्येमध्ये प्रायमर मारावा लागला, पण कुर्टीच्या बाजूने कार्यशाळेपर्यंत ती रडतखडत पोहोचली. भरलेल्या गाडीने अनमोडच्या वळणावर तो प्रयोग करण्याचा माझा विचार नाही. त्यासाठी तोच भाग क्रमांक असलेला दुसरा पंप, दोन फ्यूज आणि एक रिले चालकाच्या सीटखालच्या पेटीत ठेवले आहेत.